पुसलेलं कोडं

पेपर कसा वाचावा याची एक रीत असते. आधी पहिलं पान, मग कोण कोण गेलं ते, मग राशी. घाडीगावकरांची सून पेपर हातात आला की मागून उघडायची, तिथल्या त्या चौकोनाला डोळे लावायची, आणि मग घराला आग लागली तरी तिला धूर दिसायचा नाही.

"दूध उतू गेलं," जाईबाई गॅलरीत शेजारच्या राधाबाईंना सांगत होत्या. "मी म्हणते, रुपाली, दूध. ही म्हणते, हो आई, चार. आता चार काय गो? दूध ओट्यावरनं खाली ओघळलं नि ही मला चार सांगते!"

राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. "डोक्याचं काम आहे ते, जाईबाई. आमच्या पोराला नाही जमत."

"तुझ्या पोराला जमतं तरी काय?"

राधाबाईंनी लगेच विषय बदलला. जाईबाईंशी बोलायचं तर आपली पोरं मध्ये आणायची नाहीत, हे लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

आकड्यांशी जाईबाईंचं वाकडं नव्हतं. गावच्या शाळेत दोन यत्ता झाल्या होत्या, बसचा नंबर वाचता यायचा, सही यायची. पण बेरीज नाही, वजाबाकी नाही, नुसते आकडे रिकाम्या घरात बसवायचे आणि शेवटी हातात काही नाही, असला उद्योग त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता. विनीतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, एकदा समजावून बघितलं होतं. आडवे एक ते नऊ, उभे एक ते नऊ, मधल्या छोट्या चौकोनातही एक ते नऊ. कुठलाच आकडा दोनदा येता कामा नये.

"आला तर काय होतं?"

"चुकतं."

"मग चुकू दे. कुणाचं घर बुडतंय?"

विनीतने हात टेकले.

खरं म्हणजे त्या चौकोनाला घरात जागा मिळाली होती तीही जाईबाईंच्या एका नियमातून वाट काढून. मजल्यावरच्या पाच बिऱ्हाडांत मिळून एक पेपर यायचा. पहिला घाडीगावकरांकडे, तिथून पलीकडच्या शामरावांच्या खिडकीत, तिथून पुढे. जाईबाईंचे यजमान गुणाजी हयात असताना त्यांनी एकदा शब्दकोडं बॉलपेनने भरून ठेवलं. शामरावांनाही तोच नाद. त्यांनी पेपर आणून दारात आपटला. दोघे एकाच गिरणीत, एकाच पाळीला, पण गणपती आले तरी एकमेकांशी बोलले नाहीत. आरतीला दोघे दोन टोकांना उभे. शेवटी जाईबाईंनी, ज्या स्वतः पेपर कधी वाचत नव्हत्या, कायदा केला. पेपर जसा आला तसा पुढे गेला पाहिजे. घडी मोडायची नाही, त्यावर भजी काढायची नाहीत, आणि त्यात लिहायचं तर नाहीच.

गिरणी बंद पडली, गुणाजी गेले, समोर टॉवर उभा राहून घरात ऊन यायचं थांबलं. कायदा होता तिथेच राहिला. रुपाली लग्न होऊन आली आणि तिने त्यातून आपली युक्ती काढली. मऊ शिसपेन्सिल घ्यायची, हात हलका ठेवायचा, कोडं सोडवायचं, आणि सगळं भरून झालं की रबर घेऊन ओळीओळीने पुसून टाकायचं. चुरा फुंकायचा, घडी घालायची, पेपर शामरावांच्या खिडकीत. शामराव दुपारी जेवून तेच कोडं घेऊन बसायचे. आपल्या आधी त्याला कुणाचा हात लागलेला नाही अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती, आणि ती मोडायची कुणाला गरज वाटली नाही.

मोबाईलमध्येही हे कोडं मिळतं. विनीतने घालूनही दिलं होतं. पण रुपालीला कागदच लागायचा. त्यात तिला काय मिळत होतं ते जाईबाईंनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एकदा फक्त राधाबाईंशी बोलताना कानावर आलं होतं. "दिवसभरात तेवढी एकच गोष्ट पुरी होते हो. बाकी भांडी काय, कपडे काय, उद्या परत तिथेच असतात."

तर अशा ह्या सुनेने एका रात्री जेवताना मान वर न करता सांगितलं, "आई, मी सुडोकूच्या स्पर्धेत नाव दिलंय. पेपरवाल्यांचीच आहे. दादरला."

विचारलं नाही. सांगितलं.

"नाव दिलंस? कुणाला विचारलंस?"

"विनीतना."

"विनीत कोण?"

विनीतने आमटीचं भांडं पुढे ओढलं आणि त्यात काहीतरी शोधायला लागला.

स्पर्धा मुंबईची होती. पहिले तीन बंगलोरला जाणार, तिथे सगळ्या देशातले येणार. जायचा-यायचा, राहायचा बंदोबस्त पेपरवाल्यांचा. रुपाली हे सगळं खालच्या आवाजात सांगत होती, आणि जाईबाईंच्या ध्यानात आलं की हिने बंगलोरला कुठली बॅग न्यायची तेसुद्धा ठरवून ठेवलंय. ह्या बाईने लग्नानंतर माहेर आणि सासरचं मालवण सोडून कुठे एकटीने पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडी असताना जाईबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. त्यांना जे सांगायचं असे ते घरात सांगायची त्यांची पद्धत नव्हती. घरातलं बोलणं भिंती गिळतात.

"पहिल्या तिघांत आलीस तर खुशाल जा बंगलोरला. मी अडवणार नाही. नाही आलीस, तर घरात ह्या चौकोनाचं नाव निघता कामा नये. पेपर पुढून वाचायचा, माणसासारखा. मान्य?"

राधाबाईंनी केस विंचरायचे थांबवले. शामराव दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून बाहेर आले. रुपाली दोरीवर कपडे घालत होती. तिने हातातला टॉवेल नीट झटकला, पसरला, दोन चिमटे लावले.

"मान्य, आई."

झालं. आता तो शब्द सगळ्या मजल्याचा झाला, आणि जाईबाईंनी दिलेला शब्द फिरवला असं कुणी म्हणू शकलं नव्हतं. म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी विनीतला कामावर जावं लागलं, म्हणून जाईबाई स्वतः बरोबर निघाल्या. सून एकटी कशी जाईल, असं त्या म्हणाल्या. मनात होतं की हरायची ती आपल्या डोळ्यांदेखत हरू दे, नंतर कुणी काही वेगळं सांगायला नको. खणाचं पातळ नेसल्या, पाण्याची बाटली घेतली आणि टॅक्सीत बसताच काच वर करायला लावली.

हॉल थंडगार होता. आत टेबलांच्या रांगा आणि टेबलांवर खाली घातलेली डोकी. बहुतेक कॉलेजातली पोरं-पोरी, आवाज येऊ नये म्हणून कानात बोंडं खुपसलेली. मध्ये मध्ये पेन्शनीतले बाप्ये, मनगटावर घड्याळ उलटं बांधून. नातेवाइकांना मागे दोरीपलीकडे खुर्च्या टाकल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. जाईबाईंना मयताला बसल्यासारखं वाटलं, फक्त रडणारं कुणी नव्हतं एवढंच.

शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच वयाची एक बाई होती. केस कापलेले, डोळ्यांना सोनेरी काडीचा चष्मा. तिने हळूच विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"सून."

"अरे वा! माझी नात. ओवी. इंजिनिअरिंगला आहे. आम्ही प्रभादेवीचे. मी सुनंदा."

"आम्ही लालबाग," जाईबाई म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "नात काय, ह्या वयात काहीही करते. सून म्हणजे घर टाकून आलेली असते."

"पण तुम्ही बरोबर आलात की! आमच्या सासूबाई असत्या तर..."

"आमच्या असत्या तर मीपण घरीच असते," जाईबाई म्हणाल्या, आणि दोघी पदराआड हसल्या. दोरीजवळच्या मुलीने तोंडावर बोट ठेवलं.

सकाळी दोन फेऱ्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र कागदांची चोपडी, त्यात कोडीच कोडी. घंटा झाली की हातातून कागद ओढून न्यायचे, कुणाचं संपलेलं असो नसो. रुपाली कितव्या रांगेत आहे तेच जाईबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी डबा उघडला, सुनंदाबाईंना शेवग्याच्या पानांची भाजी आणि भाकरी दिली, त्यांच्याकडचं थालीपीठ घेतलं आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. दुपारी माईकवरून आठ नावं पुकारली. शेवटच्या फेरीला एवढेच. तिसरी ओवी. सहावी रुपाली विनीत घाडीगावकर.

"आली की हो तुमची!" सुनंदाबाईंनी त्यांचा हात दाबला.

जाईबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

आठ जणांना वर स्टेजवर बसवलं, तोंडं लोकांकडे करून. माईकवाल्याने सांगितलं की आता एकच कोडं, वर्षातलं सगळ्यात कठीण. उद्याच्या पेपरात येणार आहे तेच. म्हणून गंमत अशी, की ते छापलंही पेपरच्या पानावरच आहे, खऱ्याखुऱ्या कागदावर. ज्याचं पुरं होईल त्याने हात वर करायचा. बरोबर निघालं तर ज्या क्रमाने हात वर होतील तो नंबर. घंटा होईपर्यंत बघणाऱ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. कुणी आपल्या माणसाला आवाज दिला तर ते माणूस बाद.

घंटा झाली.

घरी रुपाली खिडकीशी पाठमोरी बसायची. तिची पाठ जाईबाईंना पाठ होती, कोडं सोडवतानाचा चेहरा मात्र त्या पहिल्यांदा बघत होत्या. एवढं काही विशेष नव्हतं त्यात. ओठ जरासे उघडे, भुवया शांत. तांदूळ निवडताना असतो तसा. हात मधूनच पुढे जाई, एक आकडा ठेवी आणि मागे येई. बाजूचा एक मुलगा पाय हलवत होता, ओवी पेनाचं टोपण चावत होती. रुपालीचं काहीच हलत नव्हतं. मग हात भराभर चालायला लागला. खालची ओळ, उजवा कोपरा, वरचे दोन. तिने पेन्सिल खाली ठेवली.

आठांपैकी कुणाचाही हात वर नव्हता.

रुपालीने रबर उचलला.

डाव्या हाताने पान ताणून धरलं आणि वरच्या ओळीपासून पुसायला लागली. घाई नाही, गडबड नाही. कागद फाटू नये म्हणून एकाच दिशेने. जाईबाईंनी समाधानाने मान हलवली. एवढ्या माणसांत, एवढ्या दिव्यांखाली, वळण काही सुटलं नव्हतं. त्या सुनंदाबाईंकडे झुकून कुजबुजल्या, "आमच्यात असंच. पुढच्याकडे पेपर कोरा गेला पाहिजे."

"अहो, कोण पुढचा?" सुनंदाबाईंचे डोळे चष्म्यामागे मोठे झाले. "काय करतेय ती? झालं होतं ना तिचं? हात वर करायचा होता!"

जाईबाईंना कळायला एक क्षण गेला. तेवढ्यात स्टेजवर रुपालीने चुरा फुंकला, पानाची घडी घातली, आणि घरी जिथे शामरावांची खिडकी असते त्या बाजूला हात लांब केला. तिथे पेपरवाल्यांची एक मुलगी उभी होती. मुलगी घडीकडे बघत राहिली, रुपाली मुलीकडे.

मग रुपालीचा चेहरा बदलला.

जाईबाई अर्ध्या उठल्या. तोंड उघडलं होतं. आवाज असा होता की गॅलरीच्या ह्या टोकाकडून दिला तर रस्त्यावरचा भाजीवाला थांबायचा. सुनंदाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि खाली ओढलं. "बोलू नका! बाद करतील तिला."

जाईबाईंनी तोंड मिटलं. सगळ्या आयुष्यात त्यांना ते इतकं जड गेलं नव्हतं.

रुपालीने घडी उलगडली. पान तळहाताने सपाट केलं आणि परत भरायला घेतलं. आता ती थांबत नव्हती. विचार करून झालेला होता, नुसतं लिहायचं होतं. डावीकडून उजवीकडे, एका ओळीखाली दुसरी, जसं एखादं पाठ असलेलं स्तोत्र लिहावं. पण हाताला हाताचा वेळ लागतोच. ती चौथ्या ओळीत असताना पाय हलवणाऱ्या मुलाचा हात वर गेला. सहाव्या ओळीला एका टकल्या गृहस्थाचा. रुपाली शेवटच्या ओळीत होती आणि ओवीचा हात वर गेला. सुनंदाबाईंनी जाईबाईंचं मनगट सोडलं, मग पुन्हा धरलं. मग रुपालीचा हात वर गेला.

तिच्या पुढच्या तिघांची कोडी तपासली, तिन्ही बरोबर निघाली. रुपालीचंही बरोबर निघालं. परीक्षकांनी तिचं पान उजेडात धरून दोन-तीनदा उलटसुलट बघितलं, आपसात काही बोलले. पण पुसायला बंदी असा नियम नव्हता आणि पुसलेलं मोजावं असाही नव्हता. चौथी.

बाहेर जिन्यापाशी वडे आणि चहा ठेवला होता. रुपाली हातात प्रशस्तिपत्राची गुंडाळी घेऊन खाली आली.

"चौथी आले, आई."

"बघितलं."

"हात आपोआपच गेला. तो कागद हाताला लागला आणि..."

"बघितलं म्हटलं ना."

जाईबाईंनी चहाचा घोट घेतला. नियम चांगला होता असं त्यांना अजूनही वाटत होतं. पलीकडे शामराव नव्हते, एवढीच काय ती अडचण झाली होती.

तेवढ्यात सुनंदाबाई नातीला घेऊन आल्या. ओवीच्या हातात छोटा चषक होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

"काकू, तुमचं माझ्या खूप आधी झालं होतं," ती रुपालीला म्हणाली. "मी बघितलं. तुम्ही पेन्सिल ठेवलीत तेव्हा माझी निम्मी घरं रिकामी होती."

"हात वर केला नव्हता ना पण," रुपाली म्हणाली.

"तेच सांगायला आलो," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्या बंगलोरच्या आठवड्यात हिची परीक्षा आहे. हिला जाता यायचं नाही. आत्ताच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग चौथीला पाठवू. जाईबाई, पाठवा हो सुनेला."

जाईबाईंनी कप खाली ठेवला.

"तुमचं मन मोठं आहे, सुनंदाबाई. पण नको. भरल्या पानावरनं कुणी उठलं म्हणून त्या पानावर बसायची आमच्यात पद्धत नाही. तिघांत आली तर जाईल असं मी सगळ्या मजल्यासमोर बोलले. आली नाही. विषय संपला. चल गो, टॅक्सी बघ."

रुपाली जागची हलली नाही.

"मी जाणार आहे, आई."

जिन्यावरची दोन-चार माणसं वडा तोंडापाशी धरून थांबली.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही काय बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतंय." रुपालीचा आवाज वर गेला नव्हता. तिने चेहरा स्टेजवर होता तसाच ठेवला होता, तांदूळ निवडतानाचा. "तिघांत आले तर अडवणार नाही म्हणालात. नाही आले तर घरात चौकोनाचं नाव काढायचं नाही म्हणालात. नाही आले. ठीक आहे, घरात नाही काढणार. उद्यापासून पेपर पुढून वाचीन. पण नाही आले तर बंगलोरला जाऊ नको, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. आणि बंगलोर आपल्या घरात नाही."

ओवीला हसू आलं, ते तिने चषकात लपवलं.

जाईबाई सुनेकडे बघत होत्या. आपण बोललेलं त्यांनी मनातल्या मनात एकदा आडवं लावून बघितलं, एकदा उभं. कुठे फट सापडेना. इतक्या वर्षांत ही पोरगी हो आई, मान्य आई, चालेल आई याच्यापुढे गेली नव्हती, आणि गेली ती अशी, परक्या माणसांत, दादरच्या जिन्यावर, चौथी येऊन. सुनंदाबाई मध्ये पडायला पुढे झाल्या, तशी जाईबाईंनी हात करून त्यांना थांबवलं. हा घरचा निवाडा होता, पण गॅलरी काही इथे नव्हती, म्हणून त्यांनी जिन्यावरच आवाज लावला. सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"रुपाली, ऐक. चौथी आलीस ती चौथीच. चाळीत कुणी विचारलं तर चौथीच सांगायचं. तिसरी म्हणालीस तर मी स्वतः उभी राहून तुला खोटी पाडीन. माझा शब्द खाली पडणार नाही, घरात चौकोन बंद म्हणजे बंद. सराव करायचा तर उंबऱ्याबाहेर स्टूल टाक, तिथे काय करतेस ते मी बघायला येणार नाही. तू हुशार आहेस की नाही ते मला कळत नाही, दोन यत्ता शिकलेल्या बाईला ते कळायचंही नाही. पण निगरगट्ट आहेस, आणि आजवर मला वाटत होतं ह्या घरात तशी मी एकटीच आहे. जा बंगलोरला."